अर्ध्या टाकीचा चढ

गेल्या वर्षी वैशाखात, एका मंगळवारी सकाळी, डोळखांबच्या पलीकडच्या डोंगरात, खालच्या आणि वरच्या पाड्यामधल्या चढावर पाण्याचा टँकर उलटला. टाकी अर्धी भरलेली होती. चालक बचावला. एका बाईचा पाय मोडला. पाणी उतारावरून सुक्या ओढ्यात गेलं.

बातमी एवढीच होती आणि तेवढीच छापून आली. जीवितहानी नाही, असं तिच्या शेवटी लिहिलं होतं. ते खरं होतं.

यंदा टँकर पुन्हा सुरू झाले आहेत. शेणव्याच्या नाक्यावर उभं राहिलं की ते ओळखू येतात. भरून निघालेल्या टँकरच्या मागे डांबरावर एक ओली रेघ पडत जाते, झाकणातून हिंदकळलेल्या पाण्याची. उन्हात ती टिकत नाही. पुढची गाडी येईपर्यंत रस्ता कोरडा झालेला असतो. या भागात उन्हाळा लागला हे त्या रेघेवरून कळतं. तोवर मोहाची फुलं वेचून झालेली असतात, करवंदं काळी पडू लागतात, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धुरकट वास अंगावरच्या कपड्यांत राहतो. धरणाच्या भिंती डोंगरावरून दिसतात. पाणीही दिसतं, निळं, लांबवर. पाड्यावरची माणसं तिकडे बोट दाखवत नाहीत. दाखवून उपयोग नाही हे त्यांना माहीत आहे.

डोळखांबहून आत गेलं की डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. मुरूम संपला की नुसती वाट उरते. खालच्या पाड्याची विहीर या वाटेच्या कडेलाच आहे. तिथून वरच्या पाड्यापर्यंत चढ. पावसाळ्यात या चढावरून पाणी धावतं, माती घेऊन जातं, दगड मागे ठेवतं. उन्हाळ्यात त्याच दगडांवर पिठासारखी धूळ बसते. दगड घट्ट असेल तर चाक धरतं. सुटा दगड आणि धूळ एकत्र आली की चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. चढाच्या मधोमध एक वळण होतं. तिथे वाट ओढ्याच्या बाजूला कललेली होती.

गेल्या वर्षी या वाटेवर रघुनाथची गाडी होती. रघुनाथ मुरबाडकडचा. आधी खडीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. चढाच्या पायथ्याशी तो गाडी थांबवून खाली उतरायचा आणि काडीने मागच्या टायरांची हवा सोडायचा. हवा कमी केली की टायर पसरतो आणि दगडाला चिकटून चढतो. किती सोडायची हे तो फुसफुसण्याच्या आवाजावरून ठरवायचा. परत जाताना डोळखांबपर्यंत गाडी बैलाच्या चालीने न्यायची आणि तिथे हवा भरायची. रोज हेच. त्याच्या अंगाला रबराचा वास यायचा, आणि खालच्या पाड्यातल्या बाया त्याला म्हणायच्या की घरच्या बायकोला तुझा टायरच आधी ओळखू येत असेल.

दोन्ही पाड्यांवर टँकरचं पाणी विहिरीतच ओततात. एकेकीचा हंडा भरत बसायला गाडीला वेळ नसतो. पाइप विहिरीत सोडायचा, झडप उघडायची, गाडी रिकामी झाली की निघून जायचं. मग बायांनी दोर लावून तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. टँकरमधून आलेलं पाणी तळाच्या गाळाला लागून गढूळ होतं. त्याला गंजाचा आणि चिखलाचा असे दोन वास असतात, आणि ते वेगळे ओळखू येतात.

फेऱ्यांचा नेम ठरलेला होता. वरचं आधी, खालचं नंतर. पहिली फेरी भरलेली गाडी थेट वर न्यायची, तिथे रिकामी करायची. दुसरी फेरी खालच्या पाड्याची. हा नेम कुणाच्या मानपानाचा नव्हता. भरलेला टँकर तो चढ चढायचा. अर्धा भरलेला चढत नसे.

ऐकायला हे उलटं वाटतं. ओझं कमी झालं तर चढ सोपा व्हावा. डोईवरच्या हंड्याचा अनुभव तसाच सांगतो, लाकडाच्या मोळीचाही. ट्रकचं तसं नसतं. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे पाटे असतात, एकावर एक घट्ट बसवलेले. ते भरल्या वजनासाठी केलेले असतात. टाकी भरलेली असली की पाटे दबतात, लवतात, आणि चाक जमिनीच्या उंचसखलाबरोबर खाली-वर होत राहतं. टाकी अर्धी झाली की तेच पाटे ताठ होतात. मग चाक दगडावर बसत नाही, उडतं. उडालेलं चाक हवेत फिरतं आणि इंजिनाची ताकद तिकडेच निघून जाते. जमिनीवर टेकलेलं दुसऱ्या बाजूचं चाक नुसतं उभं राहतं. शिवाय भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ते चालतं, गाडी कलेल तिकडे जातं आणि तिला आणखी कलवतं. टाकीच्या आत पाणी अडवणारे आडवे पत्रे असतात. त्या टाकीतले गंजून पडले होते. रघुनाथने ते मालकाच्या कानावर घातलं होतं. मालकाने पुढच्या हंगामाला बघू असं सांगितलं होतं.

त्या आठवड्यात खालच्या पाड्याची फेरी आलीच नव्हती. रघुनाथ सकाळी वर पाणी देऊन परत जायचा आणि भरायच्या ठिकाणी वीज गेलेली असायची, किंवा गाडी दुसऱ्या गावाला पाठवलेली असायची. बाया विहिरीच्या कठड्यावर बसून इंजिनाच्या आवाजाची वाट बघायच्या. लांबून येणारी कुठली गाडी टँकर आहे आणि कुठली जीप, हे त्या गिअर बदलल्याच्या आवाजावरून सांगायच्या. त्या आठवड्यात त्यांनी पुष्कळ जीपा ओळखल्या.

मंगळवारी त्यांनी वाटेत आडवे हंडे मांडले आणि मध्ये बायजा बसली.

बायजाचा नवरा नाही. तिची लेक यमुना वरच्या पाड्यात दिलेली. यमुना तेव्हा ओली बाळंतीण होती. तिचा नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. घरात सासरा धर्मा, अंगावरून वारं गेलेला, कुशीवर वळायलाही माणूस लागायचं. वरच्या पाड्याला दुसरं पाणी म्हणजे कड्याखालचा झरा. जाऊन, वाटी-वाटीने हंडा भरून, परत यायला सकाळची दुपार व्हायची. तेवढा वेळ यमुना कुणालाही एकटं सोडू शकत नव्हती, पोरालाही आणि सासऱ्यालाही. टँकर येत राहिला तर ती पावसापर्यंत घर धरून राहणार होती. नाही आला तर तान्हं घेऊन भट्टीवर जावं लागणार होतं, आणि सासऱ्याला तिकडे नेता येणार नव्हतं. हे दोन्ही पाड्यांना ठाऊक होतं. बायजाला सगळ्यांत जास्त.

मी त्या दिवशी टँकरच्या केबिनमध्ये होतो. फेऱ्यांवर लिहायचं होतं. गाडी थांबली तेव्हा रघुनाथने इंजिन बंद केलं आणि तो दारातून बाहेर वाकला. मग म्हणाला, मावशे, वरचं आधी, परतून येतो तवा तुमचं. बायजा म्हणाली, काल पण परतून येणार होतास. वीज नव्हती, असं त्याने सांगितलं. तुझ्या घरी बरी असते, असं मागून एकीने ऐकवलं. बाकीच्या हसल्या. हसणं फार वेळ टिकलं नाही.

रघुनाथने दुसरी तोड काढली. सगळी गाडी इथेच रिकामी करतो, पुन्हा भरून आणतो, ती वर नेतो. बायजाने मान हलवली.

"दुसरी फेरी येत नाय. ते आमी जानतो नि तू पन जानतोस. मग वर काय जाईल, धूळ? माजी पोर हाय वर."

"मग सोड की गाडी."

"हितं पन पोरं हायती. अर्दं हितं दे, अर्दं वर ने. मी काय सगलं मागते का?"

त्याने तिला समजावलं. पाटे, चाक, वळण, सगळं. शेवटी म्हणाला, अर्धा हंडा डोईवर घेऊन चढून बघ, किती हिंदकळतं ते.

"मी त्यात पलसाचं पान टाकते," बायजा म्हणाली. "तू पन टाक."

यावर रघुनाथही हसला. हंड्यात पान टाकलं की पाणी हिंदकळत नाही, हे इथली प्रत्येक बाई करते. टाकीतल्या पानाचं काम त्या गंजून पडलेल्या पत्र्यांचं होतं. तो ते बोलला नाही.

ओढ्यात मासे मारले तर इथे वाटे सारखे पडतात. जाळं ज्याचं असेल त्याचाही एकच वाटा, काठावर उभ्या राहिलेल्याचाही एकच. रानात डुक्कर मिळालं तरी तसंच. कमी असेल तर कमी, पण सारखं. अर्धं-अर्धं या मागणीत त्या सकाळी कुणालाच काही चुकीचं दिसलं नाही. आजही दिसत नाही. त्या मागणीला उत्तर देताना रघुनाथला न्याय-अन्यायाचं काही बोलता आलं नाही, फक्त पाट्यांचं बोलता आलं. ते ऐकून हंडे वाटेतून हलत नव्हते.

त्याने झडप उघडली. पाइपातून पाणी विहिरीच्या तळावर पडलं. आधी दगडावर खडी ओतल्यासारखा आवाज आला, मग तो मऊ होत गेला. बाया कठड्यावरून वाकून बघत होत्या. किती झालं ते बायजाच बघत होती. ती बस म्हणाली तेव्हा त्याने झडप बंद केली. अर्ध्याच्या थोडं आधीच ती बस म्हणाली, असं काही जणींनी नंतर सांगितलं. याची खात्री करता आली नाही.

पाणी मिळाल्यावर हंडे बाजूला झाले. दोघी-चौघी दोर लावून हंडे भरत राहिल्या, बाकीच्या सगळ्या गाडी वर घालायच्या मागे लागल्या. रिकामी जीप चढत नसली की इथे माणसं मागे बसवतात, म्हणजे मागचं चाक दबतं. तेच ठरलं. मागच्या पायरीवर दगड रचले. तीन-चार बाया पायरीवर उभ्या राहिल्या, बायजा टाकीच्या शिडीला धरून. रघुनाथने रोजच्यापेक्षा जास्त हवा सोडली. मला खाली उतरवलं. मी मागे उभा राहू का विचारलं तर म्हणाला, पेपरवाल्याचं वजन कवा पडतंय, चालत या.

पहिल्यांदा गाडी चढाच्या निम्म्यापर्यंतही गेली नाही. चाकं दगडांवर आपटल्याचा आवाज येत होता, थाप, थाप, आणि प्रत्येक थापेबरोबर धूळ उडत होती. ती मागे घसरत खाली आली. बायांना त्याने उतरायला सांगितलं. एकही उतरली नाही. दुसऱ्यांदा त्याने खालूनच वेग घेतला. भरलेल्या गाडीला त्या चढावर वेग लागत नाही, ती पहिल्या गिअरवर कण्हत पण थांबल्याशिवाय जाते. वेग अर्ध्या गाडीलाच घ्यावा लागला.

वळणावर ओढ्याकडच्या, बाहेरच्या बाजूचं चाक पावसाने कोरलेल्या घळीत उतरलं. आतल्या बाजूची जोडचाकं उचलली गेली आणि हवेत फिरू लागली. जळक्या रबराचा निळसर धूर निघाला. गाडी उभी होती, इंजिन ओरडत होतं, आणि टाकीच्या आत पाणी बाहेरच्या बाजूला जाऊन थांबल्याचा एक जड, बंद आवाज आला. मग फिरणारं चाक अचानक दगडाला टेकलं. धक्का बसला. बायांनी उड्या टाकल्या. म्हैस बसावी तशी गाडी सावकाश ओढ्याच्या बाजूला आडवी झाली. घाईने काहीच झालं नाही. झाकण उघडलं आणि पाणी आलं.

बायजाने सगळ्यांत शेवटी उडी टाकली. शिडीखाली तिचा पाय सापडला.

रघुनाथ वरच्या दारातून बाहेर निघाला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो बायजाकडे धावला. दोन-तीन जणी धावल्या. पाणी दगडांमधून वाट काढत खाली चाललं होतं, धुळीवर आधी गोळ्या होऊन, मग रेघ होऊन. एकीने पदर टाकून ते अडवायचा प्रयत्न केला. टाकी आडवी पडली होती, तिच्या पोटात झाकणाच्या पातळीखाली अजून थोडं राहिलं होतं.

"माजं ऱ्हाऊ दे," बायजा म्हणाली. "आदी पानी काडा."

ते तिने ओरडून सांगितलं नाही. सगळ्यांनी ऐकलं. दोघी तिच्यापाशी थांबल्या, बाकीच्या झाकणाशी बसल्या आणि हात घालून तांब्याने पाणी काढू लागल्या. पत्रा तापलेला होता, हात भाजत होते. ज्यात आधी पाणी पडलं तो हंडा वरच्या पाड्याचा, असं कुणी म्हटलं नाही, पण तो बाजूला ठेवला गेला.

यमुना वरून आली. पाड्यावर तिने चढणाऱ्या गाडीचा आवाज ऐकला होता, मग आवाज थांबलेला ऐकला. पोर छातीशी फडक्यात बांधलेलं, हातात रिकामा हंडा. ती वळणावर उभी राहिली. तिने गाडी बघितली, आईचा पाय बघितला, खाली विहिरीच्या कठड्यावरचे भरलेले हंडे बघितले. त्या जागेवरून ते दिसतात.

"आये, किती उतरवलंस गो खाली?"

"अर्दं," बायजा म्हणाली.

यमुना आईजवळ बसली. तिने पदराने तिच्या तोंडावरची धूळ पुसली. मग बायांनी काढलेलं पाणी तिच्या हंड्यात ओतलं, गढूळ, हंडाभरही नाही. तिने तो उचलला आणि ती चढ चढून गेली. सासरा घरी एकटा होता.

बायजाला घोंगडीच्या झोळीतून खाली नेलं. शहापूरला पायात सळई घातली. तिचा पाय आखूड राहिला.

उलटलेली गाडी काढायला आठवडा गेला. त्यानंतर मालकाने त्या चढावर गाडी पाठवायला नकार दिला. टँकर खालच्या पाड्यापर्यंत येऊ लागला, आणि आता रोज आला. खालच्या पाड्यातल्या बायांनी काही दिवस यमुनाच्या घरी पाळीपाळीने एकेक हंडा पोहोचवला. मग राबाची कामं आली, पाळ्या चुकल्या. चुकलेल्या पाळीबद्दल यमुना कुणाला बोलली नाही. ज्येष्ठ लागताना पुरुषांनी धर्माला डोली करून खाली आणलं आणि बायजाच्या ओट्यावर निजवलं. लेकीचा सासरा आईच्या ओट्यावर, असं या भागात होत नाही. यमुना पोराला घेऊन भट्टीवर नवऱ्याकडे गेली. धर्मा आषाढात त्याच ओट्यावर वारला. दहाव्याला यमुना आली होती. पाऊस चांगला होता, दोन्ही विहिरी काठोकाठ होत्या. वरच्या घरात ती एकदा जाऊन आली आणि परत गेली. वरची बाकीची घरं दिवाळीनंतर एकेक करत उतरली. कुणी कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर, कुणी भट्टीवर. दरवर्षी म्हातारी माणसं मागे राहायची. यंदा ती राहिली नाहीत.

एखाद्या वाटेचं दुखणं चालत्या माणसाच्या तळपायाला कळत नाही. तो दगड चुकवून पुढे जातो. ते चाकाला कळतं, पाट्याला कळतं, आणि ते समजून उमजून सांगायची भाषा तिथे फक्त एका माणसापाशी होती. त्याचं म्हणणं खरं होतं. बायजाचंही खरं होतं. गेल्या वर्षापासून ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघतो आहे. त्यांच्यापुढे तिसरं वाक्य लिहिता आलेलं नाही.

यंदा माघात वळणाचं काम झालं. घळ भरली, कललेली बाजू दगड रचून उचलली, चढावर दगड दाबून सोलिंग झालं. चैत्र संपताना फेऱ्या मंजूर झाल्या. वरच्या पाड्याची फेरीही मंजूर झाली, कारण यादीत माणसांची नावं अजून तिथलीच आहेत.

परवा पहिला टँकर आला. गाडी नवी होती, चालक रघुनाथच. खालच्या पाड्यात वाटेवर हंडे नव्हते. वरचं आधी, हा नेम कुणी मोडला नाही. बायजा ओट्यावर बसली होती. तिने गाडी जाताना बघितली. रघुनाथने पायथ्याशी उतरून टायरांची हवा सोडली. गाडी पहिल्या गिअरवर, एकदाही न थांबता चढली.

वर विहिरीपाशी त्याने हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. दारांना बाहेरून कड्या होत्या. एका ओसरीच्या तुळईवर वाळवी चढली होती. पाणी तसंच परत खाली आणता आलं नसतं. भरली टाकी त्या उतारावरून उतरवत नाहीत, ब्रेक धरत नाहीत. अर्धी करून तर नाहीच. त्याने पाइप विहिरीत सोडला आणि झडप पूर्ण उघडली.

रिकामी गाडी खाली आली तेव्हा बायजाने ओट्यावरून विचारलं, कोण होतं वर. रघुनाथने कोन नाय म्हणून सांगितलं, आणि पाणी विहिरीत आहे म्हणून सांगितलं.

दुपारी खालच्या पाड्यातल्या बाया हंडे घेऊन तो चढ चढल्या. संध्याकाळपर्यंत वरची विहीर उपसून झाली होती. खालच्या पाड्याची फेरी त्या दिवशी आली नाही.